चाळीसची रेघ

सोमवारी सकाळी साडेदहाला माहुरटोला तालुका चाळीसच्या रेघेखाली गेला. मी तेव्हा डबा उघडून भाजी आंबली की काय ते हुंगून बघत होते. नागपूरचा मे महिना. सकाळी सातला केलेली भाजी दुपारपर्यंत टिकेलच असं नाही. स्क्रीनवर लाल ओळ आली आणि मी डब्याचं झाकण तसंच हातात धरून बसले.

माहुरटोला : ३९.४.

मागच्या तिमाहीत तो ४०.६ होता. त्याच्या आधी एक्केचाळीस. घसरतोय हे मला दिसत होतं, पण घसरणाऱ्या गोष्टी कधीकधी थांबतात अशी आपण आशा ठेवतो. आता यादी प्रसिद्ध झाली की एकवीस दिवस हरकतींचे, आणि त्यानंतर माहुरटोल्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डायलिसिसच्या चार खुर्च्या उचलून चौऱ्याऐंशी किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी नेणार. त्या चारांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीवर सोमवार, बुधवार, शुक्रवार माझा सख्खा मोठा भाऊ चार-चार तास बसतो. सहसराम कापगते, वय एकोणसत्तर, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. खुर्ची गेली तर आठवड्याला तीन फेऱ्या, मिळून पाचशे किलोमीटरचा प्रवास. मी त्याला ओळखते. तो दोन आठवडे जाईल, तिसऱ्या आठवड्यात 'आता बरं वाटून राहिलं' म्हणेल आणि घरी बसेल. घरी बसला की दहा दिवस.

मी हेमलता कापगते. राष्ट्रीय लेखा केंद्राच्या नागपूर शाखेत पर्यवेक्षक, निवृत्तीला चौदा महिने. आमचं काम समजावून सांगायला लागलं की समोरचा जांभया देतो, म्हणून आटोपशीर सांगते. देशात वर्षभरात जे पिकतं, बनतं, विकलं जातं, त्यातून त्याला लागलेला माल वजा केला की उरतं ते उत्पन्न. ते दिल्लीत मोजतात. मग ते राज्यांत वाटतात, राज्यातून जिल्ह्यांत, जिल्ह्यातून तालुक्यांत. वाटायचं खुणांवरून. बँकेचा धंदा ठेवींवरून, वाहतूक गाड्यांवरून, मासळी टनांवरून. माझ्या उमेदवारीच्या काळात जिल्ह्याचा आकडा निघायलाच दोन वर्षं लागायची आणि निघाला की तो कपाटात जायचा. त्याने कोणाचं काही भलं होत नव्हतं, आणि वाईटही नव्हतं.

मग मापाडी आला. या यंत्राचं खरं नाव तीन ओळींचं आहे, ते कोणी घेत नाही. बाजार समितीत धान्य मोजतो तो मापाडी, तसा हा. उपग्रहातून रात्रीचे दिवे बघतो, विजेच्या मीटरचे आकडे तासातासाला घेतो, ट्रक नाक्यावरून गेला की त्याचं वजन टिपतो, फोनवरून दिलेले पैसे आणि फोन कुठून कुठे हलला तेही त्याला कळतं. यातून तो देशातल्या प्रत्येक तालुक्याचं उत्पन्न दर तिमाहीला सांगतो. राज्याची सरासरी शंभर धरली तर तुमचा तालुका किती. जे त्याला दिसत नाही ते तो ताडतो. कशावरून? तर आम्ही माणसांनी पन्नास वर्षं दारोदार फिरून भरलेल्या तक्त्यांवरून. ते सगळे तक्ते त्याला वाचायला दिले होते आणि त्यातून तो शिकला, की अशा गावात साधारण असं असतं.

आणि एक नियम तेव्हाही होता, आताही आहे. खालची बेरीज वरच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. एका तालुक्याचं वाढवलं की दुसऱ्या कोणाचं तरी कमी होतं. भाकरी तेवढीच असते.

इथवर सगळं ठीक होतं. पण इतका ताजा आकडा हाती आल्यावर सरकारला तो वापरावासा वाटला. सलग चार तिमाही पंचेचाळीसच्या आत राहिलेला तालुका चाळीसच्या खाली गेला की त्याला 'विश्राम तालुका' म्हणायचं. नाव बघा काय ठेवलंय. मग तिथल्या सेवा 'एकत्रित' करायच्या, म्हणजे उचलून दुसरीकडे न्यायच्या. आधी बँक, मग बस, मग दवाखान्यातली यंत्रं. सेवा गेल्या की माणसं जातात, माणसं गेली की आकडा आणखी पडतो, आणि मापाडी पुढच्या वेळी सांगतो, बघा, मी म्हटलंच होतं.

दुपारी मी मापाडीला कारण विचारलं. त्याला 'का' असं विचारता येतं, ही सोय मात्र चांगली आहे. त्याने माहुरटोल्याचा एकेक धंदा उलगडून दाखवला. भात ठीक. विटा ठीक. घसरण होती तलावांच्या मासळीत. माहुरटोल्यात एकतीस जुने तलाव आहेत. मापाडीला दिसत होतं, की उन्हाळ्यात पाणी उतरलं की पहाटे शेकडो फोन तलावाकाठी जमतात, दोन-तीन तास तिथेच असतात आणि परत घरी जातात. वीज जळत नाही, ट्रक हलत नाही, पैसे फारसे फिरत नाहीत. मग ती माणसं तिथे काय करतात? मापाडीने जुने तक्ते काढले आणि उत्तर दिलं: फारसं काही नाही. एका तलावामागे उन्हाळ्यात सरासरी चार क्विंटल मासळी. बाकी नुसतं बसणं. आणि आता जितके जास्त फोन तलावाकाठी जमतील तितकी इथे रिकामी माणसं वाढली, असं तो समजत होता.

चार क्विंटल. मी हसले असते, पण हसू आलं नाही. आमच्या गावचा एकटा मोठा तलाव तीस देतो.

'कोणते तक्ते?' मी विचारलं.

यादी आली. मे २०१६, एकतीस तलाव, एकतीस तक्ते. तलावागणिक मासळीची पाहणी त्या एकाच वर्षी झाली होती, म्हणून मापाडीसाठी तेच प्रमाण. भरणाऱ्याचा क्रमांक ४१७.

माझा क्रमांक ४१७ आहे.

तो मे महिना मला नीट आठवतो. मी एकतीस वर्षांची होते, पोटात सहावा महिना, सेहेचाळीस अंश ऊन. जीप मिळत नव्हती. पाहणी पंधरा दिवसांत संपवायची होती. मी भाऊच्या घरी उतरले होते. भाऊ आमच्या गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कधी, किती सोडायचं ते ठरवणारा माणूस. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचे वंशज म्हणवतो, तर हे काम घरात पिढ्यान्‌पिढ्या. आजूबाजूचे एकतीसही तलाव त्याला तोंडपाठ. पहिले दोन दिवस मी फिरले आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बांधावर बसले.

"काहून मरून राहिली उन्हात?" भाऊ म्हणाला होता. "खाटेवर बस. मी सांगतो, तू लिही."

त्याने सांगितलं, मी लिहिलं. अकरा दिवस. वहिनी आंब्याचं पन्हं देत होती. सुवाच्य अक्षरात एकतीस तक्ते भरले आणि वजन प्रत्यक्ष पाहिलं या रकान्यात 'होय' लिहिलं. भाऊने आकडे खऱ्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच सांगितले हे मला कळत होतं. मी विचारलंही होतं. तो म्हणाला, खरं लिहिलं तर तलावाचा ठेका वाढेल, मासळी धरणारी ढीवर लोकं कुठून भरतील? आमच्याकडे हे सगळेच करतात. सरकारी माणसाला विचारलं की मासळी कमी, भात कमी, दूध तर नाहीच. मलाही त्यात काही पाप वाटलं नाही. तक्ता कपाटात जाणार होता.

बुधवारी रजा टाकून मी माहुरटोल्याला गेले. डायलिसिसच्या खोलीत थंडगार असतं, भाऊ अंगावर चादर घेऊन बसला होता. डाव्या हातातून रक्त जातं, यंत्रातून फिरतं, परत येतं. त्याला दिवसाला दोन पेले पाणी चालतं. जो माणूस अख्ख्या गावाला पाणी वाटायचा तो आता उशाशी पेला ठेवून घोट मोजतो.

"मधातच काहून आली?" त्याने विचारलं. "काही झालं काय?"

मी सगळं सांगितलं. हळू आवाजात, कारण शेजारच्या खुर्चीवर शाळेतल्या बाई, गाव त्यांना शिकवणी बाईच म्हणतं, डोळे मिटून होत्या. खुर्च्या जाणार हे ऐकून तो छताकडे बघत राहिला. तलावांचं सांगितलं तेव्हा माझ्याकडे वळला.

"म्हणजे मी सांगितलं तेच मशीन धरून बसलं?"

"हो."

"मी खाटेवर बसून सांगितलेलं?"

"हो, भाऊ. तेच."

त्याने उजव्या हाताने चादर वर ओढली. मग म्हणाला, "चार क्विंटल जरा जास्तच कमी सांगितलं होतं मी. आठ तरी सांगायला पाहिजे होतं."

मला रागच आला. रडूही आलं. म्हटलं, "मी लिहून देते. तक्ते खोटे आहेत म्हणून. मग ते नव्याने मोजतील."

"आणि तुझं?"

"चौकशी होईल. पेन्शन अडकेल."

"मग लिहू नको." त्याने उजवा हात हलवला, जसा बांधावरून पाणी थांबवायला हलवायचा. "चौदा महिने राहिले तुझे. ह्या वयात बदनामी घेऊन कुठे जाशील? माझं काय, मी पिकलेलं पान. ऐक वं हेमे, घरी जा."

"पिकलेलं पान म्हणू नकोस. मला चीड येते."

"मग कच्चं म्हण," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. यंत्र आपल्या लयीत फिरत होतं. शिकवणी बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

गुरुवारी कार्यालयात आले तेव्हा मी एक गोष्ट करायचं ठरवलंच होतं, हे लपवत नाही. पर्यवेक्षकाला 'विशेष नोंद' करण्याचा अधिकार असतो. तालुक्याचा आकडा एका अंकापर्यंत वाढवता येतो, दोन ओळींचं कारण दिलं की झालं. कोणी वाचत नाही. मी माहुरटोला काढला, ०.७ टाकले, कारण लिहिलं: 'मत्स्यव्यवसायाचा हंगामी परिणाम'. ४०.१ झाले. इतकं सोपं होतं ते. मग मापाडीने नियमाप्रमाणे बेरीज जुळवली आणि खाली दुसरी ओळ लाल केली.

खैरबोडी : ४०.२ वरून ३९.६.

खैरबोडी आमच्या शेजारचा, जंगलातला तालुका. मी तिथे पाहणीला कधी गेले नाही. तिथे तलाव नाहीत, मोहफुलं आहेत, तेंदूपान आहे. तिथेही खुर्च्या असणार. खिडकीजवळ कोणीतरी बसत असणार, चादर घेऊन. मी बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. चहावाला कप ठेवून गेला, त्यावर साय धरली. मी दाबलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, भीती वाटली. उद्या कोणी असंच माझ्या भावाचं काढून घेईल आणि कारण लिहील दोन ओळींत.

मी उठून नंदेश्वर साहेबांच्या खोलीत गेले. तेजस नंदेश्वर, वय चौतीस, आमच्या शाखेचे प्रमुख. हुशार आणि सरळ माणूस, फक्त गणिताबाहेरचं जग त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. माझं ऐकताना त्यांनी चष्मा काढून तीनदा पुसला.

"मॅडम, हे लिहून देऊ नका," ते म्हणाले. "तोंडी राहू द्या. मी पाहतो काही करता येतं का."

"काय करता येईल?"

ते चौथ्यांदा चष्मा पुसू लागले. म्हणून मी लिहून दिलं. एक पान. शेवटी सही आणि ४१७.

इथे माझा हिशेब चुकला. मला वाटलं होतं, एकतीस तक्ते बाद होतील, मापाडी तलावांबद्दल नव्याने विचार करेल. मी पन्नास वर्षांच्या नियमपुस्तकात एक कलम विसरले होते, किंवा आठवायचं नव्हतं. एक तक्ता खोटा निघाला की त्या क्रमांकाचे सगळे तक्ते अविश्वसनीय. शुक्रवारी सकाळी मापाडीने ४१७ चे एक हजार एकशे चाळीस तक्ते काढून टाकले. त्यात ते एकतीस होते, आणि बाकीचे खरे होते. पावसात, चिखलात, वाघाच्या भीतीने थाळ्या वाजवत जाऊन भरलेले. घरोघरच्या टोपल्या, विड्या, चटया, कोसा रेशीम, भाताच्या हातगिरण्या, शेणाच्या गोवऱ्या. मापाडीला न दिसणारा माझ्या तालुक्याचा सगळा संसार त्या तक्त्यांत होता.

माहुरटोला : ३६.८.

साहेबांनी मला बोलावून तो आकडा दाखवला आणि त्याच हाताने निलंबनाचा कागद दिला.  मी म्हटलं, "यादी सोमवारी निघणार ना? मग एकवीस दिवस हरकतीचे. हरकतीबरोबर नवी मोजणी जोडता येते."

"येते. पण मोजणारा क्रमांक चालू असायला हवा. तुमचा बंद झालाय."

"तुमचा आहे."

"माझा?" ते म्हणाले. "मॅडम, मी आजवर एकही तक्ता भरलेला नाही."

"क्रमांक तर आहे."

त्यांचा क्रमांक ९०२ होता. तो त्यांना ओळखपत्रावर बघावा लागला.

एकतीस तलाव, एकवीस दिवस. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलाव एकामागून एक 'मारतात', म्हणजे जाळी ओढून सगळी मासळी काढतात. पहाटे साडेपाचला सुरू, आठच्या आत संपतं. मासळी विकली जाते ती थोडी. बाकीचे तिथेच बांधावर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, डोंग्याचा म्हणजे होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, विधवांचा एक वाटा, गावचा एक. पैसे हलत नाहीत, म्हणून मापाडीला दिसत नाही. साहेब पहिल्या दिवशी बूट घालून आले. दुसऱ्या दिवशी अनवाणी आले. मी वजनकाट्याची पिशवी धरायची, लिहायची मनाई. ते लिहायचे.

आणि पहिल्या तीन तलावांवर काय निघालं सांगू? पाच क्विंटल. चार. साडेपाच.

मला कळलं काय चाललंय ते. सरकारी गाडी आली हे आदल्या संध्याकाळीच सगळ्या टोल्या-वस्त्यांत पोचलं होतं. अर्धी मासळी आम्ही यायच्या आधीच ओल्या गोणपाटाखाली, बेशरमाच्या झुडपांत. सुगरता शेंडे म्हणून मासेमारी सोसायटीची अध्यक्ष आहे, साठीची, काळी-सावळी, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा. तिला मी बाजूला घेतलं.

"सुगरताबाई, खरं मोजू द्या."

"खरंच मोजून राहिली ना तू?" ती म्हणाली. "काटा तुझा, डोळे तुझे."

"झुडपात काय आहे?"

"झुडपात साप आहे. जाऊन बघ." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठेका वाढला तर तू भरशील काय, मोजणीवाली? मागं लिहून गेली तेव्हा बरं लिहिलं होतं. तेच लिही."

तिला तक्ते माहीत होते. सगळ्या गावाला माहीत होते. गावाने माझा उपकार मानला होता इतकी वर्षं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी आमच्या गावचा मोठा तलाव होता. रविवार, म्हणजे भाऊचा मोकळा दिवस. मी नको म्हटलं होतं तरी तो काठी टेकत आला आणि बांधावर, वाटे पडतात त्याच्या अगदी समोर, फडकं अंथरून बसला. डाव्या हाताची पट्टी सगळ्यांना दिसत होती. जाळी काठाला लागली. माणसं नेहमीसारखी हळूहळू, नजरा चुकवत काम करू लागली. साहेब वही घेऊन उभे.

"सुगरते," भाऊने हाक मारली. "झुडपातलं पण आणून टाक."

सुगरताबाई जाळीच्या गाठी सोडवत राहिली.

"तेव्हा कमी मी सांगितलं होतं," भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही, त्याच्यात तेवढा दम उरलेला नाही. पण पाण्यावरून आवाज जातो. "हेमीनं नाही. ती म्हणत होती मोजू दे, मीच म्हटलं कशाला. तुमच्या भल्याचं वाटलं मला. आता ते माझ्याच अंगावर आलं. खुर्ची गेली तर मी मरतो, त्यात काही नाही. पण माझ्या बाजूला शिकवणी बाई बसते, तिला दोन पोरी आहेत. पलीकडं देवराम नान्हे बसतो. तुझा जावई, सुगरते. ठेका वाढला तर आपण जिल्ह्याला जाऊन भांडू. मेलेल्याला भांडता येत नाही."

सुगरताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देणार. ती वळली आणि झुडपांकडे चालू लागली. तिच्यामागे दोन बाया गेल्या, मग चार माणसं. गोणपाटं ओढत आणली. रोहू, कतला, मरळ, अजून तडफडत असलेले. साहेबांनी वही काखेत मारली आणि गोणपाटाचं एक टोक स्वतः धरलं. चिखलात घसरून बसले, उठले, परत धरलं.

चौतीस क्विंटल वीस किलो. साहेबांनी आकडा लिहिला आणि दोनदा वाचून दाखवला. भाऊ मान हलवत होता, जणू त्याला ते आधीपासून पाठ होतं. पाठ होतंच.

मागचे तीन तलाव आम्ही परत केले. बायांनी स्वतः वाटे आठवून सांगितले, घरोघर नेऊन सुकत घातलेली मासळी दाखवली. मग टोपल्या, विड्या, चटया. शेवटचे पाच दिवस साहेब पाच तासांच्या वर झोपले नाहीत. एकविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी सगळं मापाडीला दिलं. मी कार्यालयात जाऊ शकत नव्हते, म्हणून रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यावर बसले. समोरच्या रसातला बर्फ वितळून गेला. भाऊचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा मी 'अजून नाही' म्हटलं आणि त्याने 'बरं' म्हटलं.

चार वाजता साहेब बाहेर आले. रस्ता ओलांडताना त्यांनी गाड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाळीस पूर्णांक आठ," ते म्हणाले. "मॅडम, वर आला. इथल्या तलावांवरूनच तो बाकीचे तलाव ताडतो, म्हणून तलाव असलेले सगळेच तालुके वर आले, नऊच्या नऊ."

मी बाकावर बसूनच रडले. रसवाल्याने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. भाऊला फोन लावला. मागे वहिनी देवाचं काहीतरी म्हणत होती ते ऐकू आलं. मग भाऊ म्हणाला, "बुधवारी येजो. खुर्चीवरच भेटू."

साहेब अजून उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायला हवं होतं. नऊ तालुके वर गेले होते आणि बेरीज तेवढीच होती.

"खाली कोण गेलं?" मी विचारलं.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नावं सहा होती. पहिलंच नाव खैरबोडी. ३८.९.

"यात कोणी खोटं केलेलं नाही," साहेब म्हणाले. "मापाडीने नियमाप्रमाणे वाटलं. त्यांनाही आजपासून एकवीस दिवस आहेत." पण तिथला हंगाम सरला होता. तेंदूपानं तोडून झाली होती. मोहफुलं वेचून, सुकवून घराघरात भरून ठेवलेली होती. ती मोजलेली नव्हती, किंवा कोणीतरी कुठल्यातरी खाटेवर बसून मोजली होती.

खैरबोडीच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर मिळायला दहा मिनिटं लागली. बाईचा आवाज आला, घाईतला, मागे भांड्यांचा आवाज.

"डायलिसिसच्या खुर्च्या किती आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"तीन. पेशंट अकरा. तुम्हाला कोणासाठी पाहिजे? जागा नाही."

"कोणासाठी नाही. मी मोजणीचं काम करायचे, नागपूरहून बोलतेय. तुम्ही तिथल्याच का?"

"इथलीच. वॉर्डात झाडू-पोछा करते. मॅडम जेवायला गेल्या."

"तुमच्या घरी यंदा मोहफुलं किती वेचली?"

 पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग ती हळूच, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून बोलतात तशी बोलली.

"कसं आहे बाई, खरं सांगू, की दरवर्षी तुम्हा लोकांना सांगतो ते सांगू?"